टंचाई शाखेतले चार थेंब

टँकर मागायला आलेल्या माणसाला भालेराव नाना आधी चार थेंब पाणी देत. काचेच्या ड्रॉपरनं, थेट जिभेवर. मग अर्ज घेत.

लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादपासून नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. नाना कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत अव्वल कारकून होते. मी एका दैनिकाचा वार्ताहर. आज किती गावांना टँकर गेले, तो आकडा घ्यायला रोज अकराला त्यांच्या टेबलापाशी जायचो. तिथं चाकूरकडच्या एका सरपंचांना मी बाकावरच्या लोकांकडं तक्रार करताना ऐकलं. "आमी टँकर मागायलोत, अन् हे थेंब द्यायलेत."

"तोंड उघडा, सरपंच," नाना म्हणाले. "टँकर साहेब देतील. साहेबापुढं उभं राहायचं बळ मी देतो."

सरपंचांनी तोंड उघडलं. सगळेच उघडायचे.

नानांच्या खणात बाटल्यांची ओळ होती. प्रत्येकीवर कचेरीच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'बिनकारणी भीती', 'वरिष्ठांची भीती', 'बोलून झाल्यावरचा पस्तावा', 'फार बोलणे'. ही विद्या त्यांना नांदेडला, स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडली होती. पुस्तक इंग्रजी, मुखपृष्ठ गेलेलं. एका इंग्रज डॉक्टरानं फुलांच्या पाण्यानं मनाची घालमेल शांत करायचे प्रयोग केले होते, त्यांची हकीकत त्यात होती. त्यातलं एकही फूल मराठवाड्यात मिळत नव्हतं. नानांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी तरवड घेतला, पळस घेतला, रुई घेतली, आणि कुठल्या फुलाचा कुठल्या भीतीशी संबंध असावा हे वर्षभर स्वतःवर थेंब घेऊन ठरवलं.

कृती सोपी होती. वाडग्यात स्वच्छ पाणी, वर ताजी फुलं, तीन तास कडक ऊन. आकाशात ढग असता कामा नये, अशी पुस्तकाची अट होती. लातुरात त्या काळात ती एकदाही मोडली नाही.

अडचण पुढची होती. पाणी टिकावं म्हणून त्यात ब्रँडी घालावी, असं पुस्तक सांगत होतं. नाना बौद्ध. घरात रोज पंचशील म्हटलं जायचं, आणि पाचवं शील मद्याबद्दल आहे. दोन आठवडे विचार करून त्यांनी मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं. त्यामुळे थेंब गोड झाले, आणि काही सरपंच मंजूर झालेल्या टँकरसाठीही पुन्हा येऊ लागले.

मी एकदा विचारलं, यात नेमकं काय असतं.

"पाणी हाय."

आणखी काय?

"फुलानं बघितलेलं पाणी हाय."

गुण येतो का, हेही विचारलं. कुणाकुणाला येतो, का येतो ते ठाऊक नाही, असं त्यांनी सांगितलं. ताप, उलट्या, छातीत दुखणं असलं काही कुणी काढलं की ते बाटली बंद करून त्याला सिव्हिल हॉस्पिटलचा रस्ता दाखवत.

कचेरीला हे ठाऊक होतं आणि चालतही होतं. एकदाच गडबड झाली. नानांनी गच्चीवर वाडगं ठेवलं होतं. दुष्काळात उघड्यावर तापणारं पाणी शिपाई खाजाभाईंना बघवलं नाही. त्यांनी फुलं फेकली आणि पाणी गाळून कचेरीच्या माठात ओतलं. ते 'फार बोलणे' या तक्रारीवरचं पाणी होतं. नाना रागावले नाहीत. पाच वाजेपर्यंत कोण किती कमी बोलतो याची नोंद करत बसले. कुणीच कमी बोललं नाही. "माठ मोठा हाय," नानांनी निष्कर्ष काढला, "डोस पातळ झाला."

मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं होतं. भांडायच्या तयारीनं आलेली माणसं त्यांच्या टेबलावरून उठताना खरोखरच नरम झालेली असत. महिनाभर पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की बाटली निवडायची म्हणून नाना आधी विचारतात: राग आहे का धाक? कुणाचा? कधीपासून? आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतात, मागं कितीही रांग असो. एकदा घागर मोर्चा आला. दारात घागरी फुटत होत्या आणि नाना बाटली घेऊन रांगेत फिरत होते. एक म्हातारी म्हणाली, "घागर घेऊन आले बाबा, अन् तू थेंब द्यायलास व्हय?" नानांनी तिला, भ्या कशाचं वाटतंय, असं विचारलं. ती दहा मिनिटं बोलली. थेंबांचं दोघंही विसरले.

नाना माझ्याच गल्लीत एका खोलीत एकटे राहत. त्यांच्या पत्नी शांताबाई उस्मानाबादजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. महिन्यातून एकदा शनिवारी एसटीनं यायच्या. हे कसं झालं, ते नानांनी मला सांगितलं नाही. कचेरीतल्यांनी सांगितलं. जिल्हा फुटला तेव्हा दोघांनाही आपापल्या खात्यात विकल्प लिहून द्यायचा होता, जुना जिल्हा की नवा. बाईंची आई चाकूरला, म्हणजे नव्या जिल्ह्यात, एकटी, म्हणून नानांनी लातूर लिहिलं. नानांचा जीव उस्मानाबादच्या घरात, म्हणून बाईंनी उस्मानाबाद लिहिलं. एकमेकांना विचारलं नाही. दोन्ही विकल्प मंजूर झाले.

तेव्हापासून नाना एकच गोष्ट शोधत होते: इकडून तिकडं जायला तयार असलेली शिक्षिका. अखेर अहमदपूर तालुक्यात एक सापडली. आपसी बदलीचा अर्ज तयार झाला. दोघींच्या सह्या होऊन तो सोमवारी पोचायला हवा होता. ही संधी गेली तर पुन्हा केव्हा, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. त्या शनिवारी नानांनी मला बोलावलं, अर्जाची भाषा एकदा बघा म्हणून.

मी गेलो तेव्हा बाई खाटेवर बसल्या होत्या. नानांनी अर्ज त्यांच्यापुढं ठेवला आणि शेजारी एक बाटली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बदलाची भीती'.

बाईंनी चिठ्ठी वाचली. "हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. नवी शाळा, नवं गाव. जीव घाबरा होतोय."

"माझा?"

नानांनी बाटली थोडी पुढं सरकवली.

"सगळ्या जिल्ह्याला विचारता तुमी," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आई सांगती, दर रविवारी चाकूरला जाऊन तिचं पाणी भरता. तिच्या शेजारणीलासुद्धा विचारता, गुडघा कसा हाय म्हणून. मला बाटली दिली."

मी उठलो. बाईंनी बसा म्हटलं. अर्जाची भाषा चांगली आहे, असंही म्हणाल्या.

नानांनी बाटली उचलून खाली ठेवली. मग कचेरीत विचारायचे त्याच आवाजात, पण अडखळत त्यांनी विचारलं, "तुला कुठं राहावं वाटतंय?"

"तुमच्यापाशी," बाई म्हणाल्या. "पण आत्ता न्हाई."

मग त्या बोलल्या. वर्गात चौथीच्या तेवीस मुली. टँकरची वेळ ठरलेली नाही, म्हणून घरचे मुलींना शाळेत पाठवत नव्हते. बाईंनी त्यांना घागरी घेऊनच वर्गात यायला सांगितलं. घागरी व्हरांड्यात ओळीनं. टँकर वाजला की मुली पळतात, भरून घरी टाकतात आणि परत येऊन बसतात. हेडमास्तरांना हे पसंत नाही. बाई आहेत म्हणून चाललंय. नवी शिक्षिका घागरी बाहेर काढील, आणि घागरींबरोबर मुलीही जातील. परीक्षा होईपर्यंत त्यांना हलायचं नव्हतं. एकेका मुलीचं त्या सांगत होत्या. नाना ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी एका मुलीचं नाव पुन्हा विचारलं.

सोमवारी अर्ज पोचला नाही. नानांनी तो अहमदपूरला स्वतः नेऊन त्या शिक्षिकेला परत केला आणि माफी मागितली, असं नंतर कळलं.

पुढच्या शनिवारी ते मला लातूरच्या बसस्टँडवर दिसले. उस्मानाबादची गाडी भरली होती. ते दाराजवळ दांडी धरून उभे होते, दुसऱ्या हातात दुमडलेला कागद. मी खिडकीतून विचारलं, कसली यादी?

"तेवीस पोरी हायत, वार्ताहर," ते म्हणाले. "एकवीस नावं पाठ झाली. दोन राहिल्यात, मुरूड येईपर्यंत होतील."