पुसलेलं पत्र

अकरा वर्षं घासल्यावर साहेबांनी ठिगळ्याला बढती कबूल केली होती. अट एकच. बाराच्या ठोक्याला नव्या प्रिंटरनं ग्राहकांसमोर चार पानं छापून दाखवायची.

ठिगळ्याचं काम कर्नलमधलं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा घरमालक. मेमरीतली कुठली खोली कुणाला, ते तोच ठरवणार. एका पानाला एक खोली, पण ओळीनं चार खोल्या काही मोकळ्या सापडेनात. मग ठिगळ्यानं एक इथली, दोन तिथल्या, एक पार टोकाची अशा खोल्या गोळा केल्या आणि घरमालकाच्या वहीत एक-दोन-तीन-चार नंबर टाकून मोकळा झाला. वही बघणाऱ्याला वाटावं, वा, काय शेजारीशेजारी घरं आहेत!

"प्रिंटर वही बघतो का रे?" चाचणीवाल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"न बघायला काय झालं? सगळे बघतात."

"हा नाही बघत. पहिल्या खोलीत शिरला की भिंतीला भिंत धरून शेजारच्या खोलीत जाईल. तिथं कोण राहतं?"

"ताई, चाचणी करा, प्रवचन नको!"

बारा वाजले. पहिलं पान झकास निघालं. दुसरं साहेबांनी ऐटीत मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'माननीय साहेब, तुमच्यासारख्या ठोंब्याच्या हाताखाली अकरा वर्षं सडलो. हा घ्या राजीनामा.'"

पत्र ठिगळ्याचंच. असं पत्र तो दर महिन्याला लिहायचा आणि मन हलकं झालं की पुसायचा. आजचं तर सकाळीच पुसलं होतं. पण पुसलं म्हणजे वहीतून भाडेकरूचं नाव खोडलं, एवढंच. सामान खोलीतच, आणि खोली नेमकी पहिलीच्या शेजारची! जगाला हे शिकवणारा हाच गडी.

"साहेब, ते... मी पुसलंय!"

"छान छापलंय की."

एका ग्राहकानं कागद उजेडात धरला. "अक्षर मात्र स्वच्छ उठलंय हो. घेतो आम्ही."

साहेब गोड हसले. "ऐकलंस? जायच्या आधी तेवढं नीट करून जा."

ठिगळ्यानं सलग जागा मोकळी केली. चाचणीला चार पानं हवी होती, ती साहेबांनीच पाठवली: एका पानावर 'राजीनामा मंजूर', उरलेल्या तीन पानांवर परत करायच्या वस्तूंची यादी.

चारही पानं ओळीनं निघाली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"पास," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चाचणीच्या कागदावर बरोबरची खूण केली.