मन्मथअप्पांचा बोलका रविवार

"सर, बोला."

रविवारी पहाटे औसा रोडवर पळताना, पोटऱ्यांनी जीव सोडलेला असताना, कानाशी येऊन कुणी असं म्हटलं तर तुम्ही काय कराल? मी पहिल्या रविवारी हसलो. दुसऱ्या रविवारी बोललो. त्यानंतर मात्र ते दोन शब्द ऐकले की माझे दात आपोआप आवळले जायला लागले.

"सर, बोला की. गप कामून हाव?"

हे मन्मथअप्पा. लातूरच्या गंजगोलाई बाजारात यांचं भांड्यांचं दुकान आहे. वय साठीच्या पुढं, पोट वयाच्याही पुढं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ते घामानं नाकापर्यंत ओघळलेले. अंगात शर्ट इन केलेला, खाली सुनेनं कुठल्याशा सेलमधून आणलेली जांभळी ट्रॅक पँट, आणि गळ्यातलं इष्टलिंग पळताना उसळू नये म्हणून छातीवरून आडवा बांधलेला पंचा. असा माणूस तुमच्या डाव्या बाजूला पळतोय आणि विचारतोय, "काल संध्याकाळी घरी काय भाजी केल्ती?"

आता माझं म्हणणं ऐका. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. लातुरात क्लासमध्ये शिकवणं म्हणजे सोमवार ते शनिवार, सकाळी सातपासून नुसतं बोलणं. शनिवारी संध्याकाळी माझा घसा फाटक्या ढोलासारखा वाजतो. रविवार हा माझा गप्प बसायचा वार. थंडीत हैदराबादला अर्धमॅरेथॉन पळायची, तीही बऱ्या वेळेत, हे माझं एकमेव स्वप्न. त्यासाठी मनगटावर चांगलं घड्याळ घेतलं. आणि नशिबी आले हे अप्पा!

बरं, या बोलण्यामागं नियम आहे. आमचा पळणाऱ्यांचा ग्रूप नवा होता तेव्हा नांदेडहून एक डॉक्टर आले होते, रोज विष्णुपुरी धरणापर्यंत पळत जाऊन परत येणारे. त्यांनी समजावलं, की आठवड्यातून एकदा लांब पळा, पण हळू. किती हळू? तर शेजारच्याशी सहज बोलता येईल इतकं. बोलणं तुटायला लागलं की समजा, वेग जास्त झाला. एवढं साधं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांनी हात वर केला.

"पण साहेब, बोलता येतंय का न्हाई, हे बोलल्याबिगर कसं कळावं?"

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." झालं! त्या दिवसापासून अप्पांनी कायदा करून टाकला. लांब पळताना प्रत्येकानं बोलायचं. जो गप्प झाला, त्यानं उलटं वळायचं, सगळ्यात मागं जो असेल त्याच्यापर्यंत जायचं आणि त्याला घेऊन पुढं यायचं. ग्रूपमध्ये डॉक्टर आहेत, वकील आहेत, दोन मास्तर आहेत, पण एकाही शहाण्याच्या तोंडून "हे चुकीचं आहे" असं निघालं नाही. वयाचा मान म्हणून म्हणा, किंवा पळून झाल्यावर अप्पा सगळ्यांना फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घालतात म्हणून म्हणा.

आणि यांना नुसतं बोललेलं चालत नाही. "जसंच्या तसं सांगा" हा दुसरा हट्ट. मी म्हणालो, "परवा शेजाऱ्यांचं भांडण झालं." तर लगेच, "कोण पयलं बोललं? काय बोललं? जसंच्या तसं सांगा. त्या बाईनं हात कमरेवर ठेवला होता का पदर खोचला होता?" अहो, मी खिडकीतून बघितलं, पंचनामा करायला गेलो नव्हतो! पण सांगितल्याशिवाय सुटका नाही. "हां, मंग? फुडं?" करत करत गोष्ट पार शेवटापर्यंत काढून घेणार, आणि पुढच्या रविवारी बरोबर तिथूनच धागा उचलणार. "त्या बाईचा नवरा आला का मंग गावाहून?"

स्वतःचं मात्र एक अक्षर सांगणार नाहीत. आम्ही विचारलं तर, "आमचं काय, भांडी हायत." विषय संपला.

त्यात हा दुष्काळ. त्या वर्षी लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल, आम्ही त्यात राहत होतो. नळ कोरडे, बोअर आटलेले, टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. आंघोळ म्हणजे एक तांब्या आणि ओला टॉवेल. अशा दिवसांत घामानं थबथबलेला टी-शर्ट घेऊन घरी यायचं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा. "पाणी न्हाई प्यायला अन् हे घाम गाळायला निघाले!" ती दर रविवारी म्हणायची. तो टी-शर्ट गच्चीवर नुसता वाळत घालायचा. वाळल्यावर त्यावर मिठाच्या रेघा उमटायच्या आणि तो भिंतीला टेकवून ठेवला तर उभा राहायचा.

रस्त्यात पहाटेपासून घागरींच्या रांगा लागलेल्या असायच्या. आम्ही खाली मान घालून, चोरासारखे तिथून पळत निघायचो. अप्पा? अप्पा थांबायचे!

"ही घागर माझ्या दुकानातली हाय. हिचं बूड गळतंय का आता?"

"न्हाई ओ मालक, झ्याक हाय. पण तुमी कुठं पळलालाव सकाळी सकाळी? म्हागं कोण लागलंय का?"

"डाक्टरनं सांगितलंय. बरं, तुमचा नंबर कधी लागला? टँकर काल आलता का?"

आणि हा सगळा वेळ माझं घड्याळ चालू! मी जागच्या जागी उड्या मारतोय, रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसतायत आणि अप्पा टँकरचं वेळापत्रक ऐकतायत. जसंच्या तसं.

माझा स्फोट झाला तो सासूबाईंवरून. सासूबाई बिलोलीच्या. त्यांच्या आडाला अजून पाणी होतं. लेकीला भेटायला आल्या त्या एसटीत मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन. "जावयाच्या पाण्यावर भार नको. मी माझं पीन, माझं वापरीन," असं जाहीर करून कॅन त्यांनी आपल्या पलंगाखाली सरकवला आणि झाकणाला जुन्या लुगड्याची चिंधी गाठ मारून बांधली. ही गोष्ट मी एका रविवारी गप्प बसायची शिक्षा टाळायला म्हणून अप्पांना सांगितली. अप्पा इतके खूश झाले की त्यांचा वेग वाढला. पुढच्या रविवारी मी दुसरा भाग सांगितला, की बुधवारी घरात आकांत झाला, कॅनची गाठ कुणीतरी सोडली होती आणि पाणी निम्म्यावर आलं होतं.

"कोण सोडली?"

"ते नंतर सांगतो, अप्पा. चढ आहे."

तो नंतरचा रविवार उजाडला तेव्हा मी ठरवून आलो होतो, आज तोंड उघडायचं नाही. हैदराबादची तारीख जवळ येत चालली होती आणि माझी वेळ दर आठवड्याला आणखी बिघडत होती. अप्पा शेजारी आलेच. "सर, बोला. गाठ कोण सोडली?" मी गप्प. "सासूबाई काय म्हणल्या मंग?" मी गप्प. "सर, नियम हाय बरं का. गप बसलाव तर म्हागं जावं लागतंय."

मी रस्त्यातच थांबलो. "अप्पा, मी आठवडाभर बोलतो! घसा फुटेपर्यंत बोलतो! एक रविवार तरी मला सोडा! नाही सांगायचं मला, कुणी गाठ सोडली ते!"

सगळे थबकले. अप्पांनी पंच्यानं कपाळ पुसलं, म्हणाले, "बरं, बरं, पळा तुमी," आणि हळूहळू मागं राहिले.

पळणं संपल्यावर, सुशीला खाऊन अप्पा निघून गेल्यावर, आम्ही चौघंजण रस्त्याकडेला उभे राहिलो आणि एकदाचं ठरवलं. पुढच्या रविवारपासून आपण गप्प पळणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघायचं. अप्पांना आपल्यात घ्यायचं नाही. लपवाछपवी नको, नीट सांगायचं. आता सांगणार कोण? टायरचं दुकान चालवणारे इरफानभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, आप इच बोलो. आपको बोलने की आदत है."

रागात होतो, म्हणून तसाच अप्पांकडे निघालो. म्हटलं, आत्ता सांगितलं तर सांगून होईल, रात्री थंड झालो तर राहील.

अप्पांचं घर दुकानाच्या वरच. जिना चढत होतो तर वरून माझाच आवाज ऐकू आला.

"मी आठवडाभर बोलतो! घसा फुटेपर्यंत बोलतो!"

अप्पा माझी नक्कल करत होते. माझ्यासारखे हात उडवून, माझ्यासारखे दात आवळून. खोलीत पलंगावर भिंतीला टेकून त्यांच्या मंडळी बसल्या होत्या. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. आणि त्या हसत होत्या. आवाज नव्हता, अर्धंच तोंड हसत होतं, पण खांदे गदगदा हलत होते. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. लकवा झाला होता, आणि वाचा गेली होती.

"मंग रस्त्यातच हुबारले बग सर," अप्पा सांगत होते. "त्यो टायरवाला इरफान, त्याच्या तोंडातली वेलची खाली पडली. अन् टँकरच्या रांगंतली ती घारे डोळेवाली, तिची सून आली माहेराहून. पोरगी झाली. पण सासूबाईच्या कॅनचं न्हाई कळलं गं. सर लई चिडले. फुडल्या ऐतवारी इचारतो."

बाईंचं हसणं थांबलं. डावा हात त्यांनी पलंगावर आपटला, एकदा, दोनदा. लहान पोर गोष्ट अर्ध्यात सोडल्यावर आपटतं तसा.

"आता मी काय करू गं? त्यांनी सांगावं लागतंय का न्हाई?"

मी दारात उभा होतो. आधी बाईंनीच पाहिलं मला. क्षणभर बघत राहिल्या आणि मग डाव्या हाताची दोन बोटं निर्जीव उजव्या मनगटावर टकटक वाजवली. घड्याळ! अप्पांकडे बघून पुन्हा टकटक. "हां, हेच ते," अप्पा ओशाळून म्हणाले. "घड्याळवाले सर. या, या सर. बसा की."

आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतो आम्ही. आणि या बाईला माझ्या घरची मेथीची भाजी माहीत होती, शेजाऱ्यांचं भांडण माहीत होतं, माझ्या सासूबाई माहीत होत्या.

मी बसलो. काय सांगायला आलो होतो ते तोंडात तयार होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं, एका हातानं त्याला पीळ घातला आणि भुवया वर करून माझ्याकडे बघितलं. गाठ. कुणी सोडली?

"सासूबाईंनीच," मी म्हणालो.

अप्पा मटकन खाली बसले. "काय म्हणता!"

"आम्ही घरात नसताना त्यांनी त्या पाण्यानं केस धुतले. लातुरात, या दुष्काळात, डोक्यावरून पाणी! आणि मग स्वतःच बोंब ठोकली की माझी गाठ कुणी सोडली. पण अक्का, दिवसभर सगळ्या घरात शिकेकाईचा वास. आम्हा सगळ्यांना कळलं होतं, कुणी बोललं नाही. बायको तर वास आला की नुसती स्वयंपाकघरात पळायची हसायला."

अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला अप्पांनी पळताना बांधायचाच पंचा सोडला. तो घामानं ओला होता. अक्कांनी तो ढकलून दिला आणि नाक मुरडलं. मग अप्पाही हसायला लागले. निरोप तसाच पोटात घेऊन मी जिना उतरलो.

पुढच्या रविवारी आम्ही अर्धा तास आधी निघालो नाही. इरफानभाईंनी विचारलं, "बताया क्या अप्पा को?"

"नाही."

"फिर?"

"फिर काय फिर! बोला, इरफानभाई. गप्प का? मागं जायचंय का?"

अप्पा शेजारी आलेच. पण त्या दिवशी "सर, बोला" मी म्हणू दिलं नाही, आधी मीच विचारलं.

"अप्पा, आज तुम्ही बोला. अक्का आधी कशा बोलायच्या?"

अप्पा पळत राहिले. टँकरची रांग मागं पडली, तरी तोंडातून शब्द नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "गप बसलो की. नियम हाय," आणि वळून मागं पळायला लागले, शेवटच्याला आणायला. माझ्या घड्याळानं मनगटावर चिमटा काढल्यासारखी सूचना दिली, की वेग कमी झालाय. कळलं रे बाबा, कळलं! मीही वळलो.

"लई बोलायची हो, सर," जरा वेळानं ते म्हणाले. "लातूर जिल्हा झाला तवा दुकान टाकलं आम्ही. हापिसं आली, साहेब लोकांची बिऱ्हाडं आली, भांडी लागली. पण त्यांच्या बायका भांडी घ्यायला येत नव्हत्या. हिच्याशी बोलायला येत होत्या. तांब्या घ्यायला आलेली बाई दुपारी जेवून जायची. मी आपला कोपऱ्यात बसून भांड्यावर नावं घालायचो. तीस वर्सं. मला बोलताच येत नव्हतं, सर. तिच्यापुढं बोलायला जागाच कुठं होती?"

त्यांनी पंच्यानं नाक पुसलं.

"हे बोलायचं आता शिकून राहिलोय. तिचंच ऐकलेलं. तिच्यासारखं जमत न्हाई."

मी काही बोललो नाही. नियमाप्रमाणे मी आधीच मागं चाललो होतो, त्यामुळे आणखी शिक्षा नव्हती.

सगळ्यात मागचा वकील गाठला, त्याला घेऊन आम्ही पुन्हा लातूरकडे पाठ केली. वेळेचा तर पार बट्ट्याबोळ झाला होता. हैदराबादला आता मी काय पळणार आहे, ते मला माहीत होतं.

"मंग, सर," अप्पा म्हणाले, "सासूबाई गेल्या का बिलोलीला? रिकामा कॅन नेला का इथंच ठेवला? जसंच्या तसं सांगा."

सासूबाईंचं अजून पुष्कळ शिल्लक होतं. मी घड्याळ खिशात टाकलं आणि एसटी स्टँडपासून सुरुवात केली.