गाडी उभी, इंजिन चालू

फ्रिजची पिन मी काढली होती. हे एक वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला बावीस दिवस लागले. तेवढ्या दिवसांत शेजारच्या गावंडेकाकांचं मी काय करून ठेवलं ते सांगायचं, तर आधी काका सांगावे लागतील.

काका कुणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा टीव्हीच्या पाठीला हात लावतात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा, उलटा. मग सेटटॉप बॉक्स, मग भिंतीत नुसतेच खोचलेले चार्जर. आपण ‘या, बसा’ म्हणेपर्यंत त्यांची अर्धी फेरी झालेली असते. टीव्ही बंदच आहे असं कुणी म्हटलं, की खालच्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवून ते म्हणतात, “गाडी उभी, इंजिन चालू.”

मंगरूळपीरच्या एसटी स्टँडवर काकांनी कंट्रोलर म्हणून उभी नोकरी काढली. ड्रायव्हर चहाला उतरला आणि गाडी घरघरत उभी दिसली, की काका माइकवरून त्याचं नाव पुकारत. प्रवासी हसत आणि ड्रायव्हर कप ठेवून पळत सुटे. निवृत्तीनंतर स्टँड सुटला, घरघर सुटली नाही. ती त्यांना आमच्या घरांतून ऐकू यायला लागली.

रोज सकाळी दहाला, इस्त्रीचा शर्ट घालून आणि खिशाला दोन पेनं लावून, ते गल्लीत निघत. त्यांनी यंत्रांच्या जाती पाडल्या होत्या. वायफायचा डबा म्हणजे विनंती थांबा. घरात कुणी नसेल तर बंद. इन्व्हर्टर म्हणजे डेपोतली जादा गाडी. फ्रिजपुढे मात्र ते हात मागे बांधून उभे राहत. “हे लांब पल्ल्याची. हिले मधात थांबा नाही. हिले हात लावाचा नाही.” काढलेल्या प्रत्येक पिनेची वायर ते वळी करून, रबर लावून ठेवत. मग ओट्यावर जाऊन मीटरचा लुकलुकणारा दिवा बघत बसत. तो सावकाश लुकलुकायला लागला की त्यांचा चेहरा उजळे, आणि मग ते चहा घेत. बिल कुणाचं कमी होतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

माझी बायको सुनंदा त्यांच्याशी भांडायची. “काका, तो बॉक्स सुरू व्हाले पाच मिनिटं घेते. तेवढ्यात सिरीयलमधली सासू मरून जाते.”

“डिझेल गाडीलेबी गरम व्हाले टाइम लागते, बाई,” काका म्हणत आणि अद्रक कमी पडल्याचं सांगत.

गल्लीतल्या तीन घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. खिळ्यांना टांगलेल्या, वर चिठ्ठ्या: फलाट एक, फलाट दोन, फलाट तीन. आमचा दोन. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. या किल्ल्यांचा त्यांना जो तोरा होता, तो त्यांनी पेन्शनचाही कधी मिरवला नाही.

श्रावणात सुनंदाच्या माहेरी, रिठदला, भाच्याचा साखरपुडा निघाला. तीन दिवसांचा मुक्काम. तुळशीला पाणी घालायला काका होतेच. पण निघताना मला हुक्की आली, की आज आपणच काकांच्या आधी फेरी मारावी, त्यांना काढायला एकही पिन ठेवू नये. रिक्षावाला बाहेर हॉर्न देत होता. आमचा मायक्रोवेव्ह फ्रिजच्या डोक्यावर असतो आणि दोन्ही वायरी मागच्या अंधाऱ्या सांदीत उतरतात. मी हात घातला, एक ओढली, सोडून दिली आणि मोठ्या समाधानानं रिक्षात बसलो.

परत आलो तर स्वयंपाकघरात पाऊल ठेववेना. डीप फ्रीजमध्ये आमरसाचे सहा डबे होते. उन्हाळ्यात सुट्टी न मिळालेल्या लेकीसाठी, महालक्ष्म्यांना ती येईल म्हणून सुनंदानं साठवलेले. मी नाक धरून सांदीत डोकावलो. दोन पिना बाहेर होत्या. एक वळी केलेली, रबर लावलेली. दुसरी तशीच लोंबकळत. वळीवाली मायक्रोवेव्हची होती. लोंबकळणारी फ्रिजची होती आणि ती कुणी सोडली ते मला एका नजरेत कळलं.

मी ती गुपचूप बसवली.

“काका येऊन गेले वाटते,” सुनंदा रडवेल्या आवाजात म्हणाली.

मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, “त्याईले सवयच हाये.”

ती तरातरा त्यांच्याकडे गेली. मी मागे, चपला शोधण्याचं नाटक करत. काका उलट बोलतील असं मला वाटलं होतं. फ्रिजचा कायदा त्यांचाच, साक्षीला सगळी गल्ली. पण त्यांनी ऐकून घेतलं, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, “सांदीत हात त घातला होता म्या. एक काढल्याचं याद हाये. दुसरीचं याद नाही.”

दुसऱ्या दिवशी तिन्ही किल्ल्या ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या. दहाची फेरी बंद. सुरुवातीला गल्ली सुटल्यासारखी झाली. मग दहा वाजले की बाया उगाच दाराकडे बघू लागल्या. सुनंदा सवयीनं तिसरा कप मांडायची आणि परत ठेवायची. टीव्ही खुशाल लाल डोळा उघडा ठेवून बसायचा. पिना मीच काढत होतो, वळीसुद्धा करत होतो. तेवढ्यानं पाप फिटतं असा माझा अंदाज होता.

महालक्ष्म्या जेवल्या त्या दुपारी सुनंदानं काकांसाठी ताट भरलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्या दारात एक बॅग बांधलेली होती. टेबलावर लांब रजिस्टर, स्टँडवर असतं तसंच रेघा मारलेलं. मी वाचलं. ‘गॅस बंद केला, ८.१०. नळ बंद केला, ८.२५. गॅस पुन्हा पाहिला, ८.३०.’ पानंच्या पानं.

“हे काय काका?”

“आता लिवून ठेवा लागते, सर.” त्यांनी ताट झाकून ठेवलं. “जिले हात लावाचा नाही म्हनून दुनियेले सांगत फिरलो, तिचीच पिन काढली म्या. अन् काही केल्या याद येत नाही. उद्या गॅस असाच राह्यला त? पोराले फोनवर सांगितलं. थो म्हणते, पुण्याले या, डाक्टरले दाखवू, घर बंद करू. परवाची गाडी हाये.”

बावीस दिवस मला वाटत होतं की मी त्यांच्यावर एक आळ घातला आहे. मी त्यांचं डोकंच त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

“काका, पिन म्या काढली होती.”

“कोन्ती?”

“फ्रिजची. रिठदले निघताना. तुमी मायक्रोवेव्हची काढली, वळी करून. मले त्याच दिवशी समजलं होतं.”

ते खुर्चीवर बसले. “म्हंजे म्या नाही?”

“नाही.”

“पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. ते रागावतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग डोळे पुसले, चष्मा लावला, रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि खिशातलं एक पेन काढून दिलं.

“लिवा.”

मी लिहिलं: ‘फ्रिजची पिन मी काढली. गावंडेकाकांनी नाही. खोटं बोललो. मला माफ करा.’ खाली सही केली. काकांनी ओळीवरून बोट फिरवत वाचलं.

“टाइम टाका.”

मी घड्याळ बघून वेळ टाकली. त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर जाऊन थांबलं.

“अन् हे राह्यलं, सर.”

रकान्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘उशिराचे कारण’. मी पेन हातात धरून बसलो. काकांनी घाई केली नाही. मग मी लिहिलं: ‘हिंमत नव्हती.’