जगदाळ्यांचा डबा

आयर्लंडमधल्या डून लेरीच्या धक्क्यावर भर जानेवारीत नाडीची चड्डी घालून समुद्रात उतरणारा माणूस दिसला, तर तो आमचा शेजारी जगदाळे. शेजारून कुणी रबरी सूट घालून पोहत गेला की हा मला ओरडून विचारतो, "माणूस पोहतोय की रबर?" मी धक्क्यावर, कोटात.

जगात कुठेही पोहण्याचा विक्रम मोडला की त्याचा प्रश्न ठरलेला : "माणूस पोहला की कपडा?" तलावातल्या लाटा गिळणाऱ्या दोऱ्या, उडी मारायचा तिरका ठोकळा, सगळ्यांवर त्याचं व्याख्यान तयार. "आम्ही कराडला विहिरीत शिकलो. मी आणि पाणी. मध्ये कोणी नाही!" हा गृहस्थ पोटासाठी करतो काय, तर कारखान्यात कॅथेटरची नळी शरीरात सुळकन सरकावी म्हणून तिच्यावर निसरडा थर चढवतो. हे मी दाखवून दिलं, तर म्हणाला, "कॅथेटर विक्रम करत नाही."

त्याची मुलगी इरा बटरफ्लाय पोहते. क्लबचा जुना विक्रम तिच्या आवाक्यात आला होता, आणि कॉलेजसाठी गॉलवेला जाण्याआधीची ही तिची शेवटची स्पर्धा. बाकीच्या मुलींकडे अंगाला चिकटणारे, पाणी झटकणारे रेसिंग सूट.

"बाबा, एव्हरीवन हॅज वन."

"मग एव्हरीवनपेक्षा जोरात पोह."

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं 'प्रेसमधलं मीठ दे' एवढ्यावर आलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्यांच्या घरात आता ते कपाटच सगळ्यात मनमोकळं उरलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी मीही त्यांच्याबरोबर होतो. तलावाच्या दारात जगदाळेनं भलतीकडे बघत इराच्या हातात स्टीलचा डबा कोंबला. "आत जाऊन उघड."

"नॉट बिफोर अ रेस, बाबा," म्हणत तिनं तो दाराशी बाकावर बसलेल्या आजींच्या, म्हणजे जगदाळेच्या आईच्या, मांडीवर ठेवला आणि गेली. जगदाळे दोन पावलं तिच्यामागे गेला आणि परत फिरला. तत्त्वनिष्ठ माणसाला चारचौघांत खुलासा करता येत नाही.

प्राथमिक फेरीला इरा जुन्याच पोशाखात आली. "अगं, हा कशाला…" जगदाळे पुटपुटला. ती जीव तोडून पोहली. विक्रम अगदी थोडक्यात हुकला. जगदाळे गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला.

आजींना भूक लागली. त्यांनी डबा उघडला आणि किंचाळल्या, "आरं द्येवा! वटवाघूळ!"

डब्यात काळंभोर, आक्रसलेलं काहीतरी. मी बोटानं उचललं. नवा कोरा रेसिंग सूट!

"जगदाळे," मी म्हटलं, "माणूस पोहतो की…"

"गप रे."

"आन् त्ये विहिरीचं काय सांगत असतोस?" आजी उखडल्या. "पाठीला रिकामा डबा बांधून शिकला ह्यो! सोडाया गेलं की भोकांड पसरायचा. येक दिस ह्याच्या बानं गुपचूप गाठ सोडली. डबा तिकडं तरंगतोय, ह्यो हिकडं पवतोय!"

जगदाळे डबा घेऊन पळत सुटला. मीही मागोमाग. मुलींच्या खोलीबाहेर त्यानं भिंतीकडे तोंड केलं, हात मागे करून डबा धरला आणि कराडच्या आवाजात गरजला, "इरा! लाडू नाहीयेत त्यात!"

सूट आत गेला, डबा त्याच्या हातात राहिला. तो सूट चढवायला म्हणे दोन मैत्रिणी लागल्या.

अंतिम फेरी! शिट्टी, उडी, आणि पाण्याखालून इरा वर आली ती सगळ्यांच्या पुढे. परतीला खांदे जड झाले, बाजूची मुलगी भिडली. जगदाळे बाकावर चढून हातवारे करत हवेतच बटरफ्लाय मारत होता. मागचा आयरिश म्हातारा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "युअर मॅन इज फास्टर!" इरानं भिंत गाठली. फलकावर नाव झळकलं. विक्रम!

"माणूस पोहला!" जगदाळे ओरडत होता. "माणूस पोहला, आई!"

"मग काय डबा पवंल व्हय?" आजी म्हणाल्या.

खाली इराभोवती मैत्रिणींचं कडं पडलं. फोटो, मिठ्या, आरडाओरडा. "जा की खाली," मी म्हटलं.

"नको. बघ ना, किती छान चाललंय तिचं तिचं." त्यानं रुमालानं डबा आतून पुसला, झाकण लावलं. "विहिरीतनं वर आलो ना, तेव्हा गाठ सोडणारे आमचे अण्णा असेच काठावर बसले होते. मला वाटलं, दमले असतील."

मग तो रिकामा डबा पोटाशी धरून तिथेच बसून राहिला.