आसावरीचा न दिसणारा व्यायाम

डॉक्टरांनी आसावरीला व्यायाम सांगितलाय, हे सासऱ्यांना कळलं आणि तिथंच सगळं बिघडलं. सावळारामआबा एके काळी निरवांगीच्या तालमीतले पैलवान. घरात व्यायाम करणारं कुणीतरी निघालं, या आनंदात त्यांनी त्याच संध्याकाळी अर्धा किलो बदाम आणले.

आसावरी वालचंदनगरला शाळेत पी.टी.च्या बाई. तिची छकुली तीन महिन्यांची झाली, तरी साधी शिंक आली की आसावरीला साडी बदलावी लागायची. जूनमध्ये रजा संपणार, खो-खोच्या मुलींबरोबर पळावं लागणार, आणि तिला तर शिट्टी फुंकायचीही धास्ती बसलेली. बारामतीच्या डॉक्टर श्रेया मॅडम म्हणाल्या होत्या, "लघवी रोखून धरताना जो स्नायू आवळतो, तोच आत ओढायचा. दहा आकडे धरायचा, मग सोडायचा. रोज केलंत तर जूनपर्यंत पळाल." आता हे सासऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? ती नुसतं 'व्यायाम' म्हणाली.

"मग कर की," आबा ओट्यावरून म्हणाले.

"झाला आबा."

"कवा?"

"आत्ताच. मेथी निवडताना."

आबांनी बायकोकडे पाहिलं. "कौसल्ये, व्यायाम क्येला आन् घाम न्हाय?"

"बायकांचं काय तरी आसंल. तुमी गप बसा," सासूबाई म्हणाल्या.

गप बसतील ते आबा कसले! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेला अंगणात उभं केलं आणि बैठका मोजायला घेतल्या. आसावरीने नवऱ्याला गाठलं. "अहो, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"मी? आबास्नी? आसलं?" म्हणत रणजितने गाडीला किक मारली.

रोज दर दहाव्या बैठकीला ती न्हाणीघराकडे धाव घ्यायची. सूनबाई पळायचाही सराव करते, म्हणून आबा खूश. महिनाभरात शिंकेची गरजच उरली नाही, चालतानाही तेच होऊ लागलं. एका सकाळी ती अंगणातच रडायला लागली.

"रडू नगं पोरी. डाक्टरलाच इचारू," आबा म्हणाले. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर. समोर शेजारचा गेणबा चहा पीत बसलेला.

"मॅडम, सूनबाई चाळीस बैठकांवर आलीया. पन्नास करू का?"

"बैठका?" श्रेया मॅडम किंचाळल्या. "अहो आबा, बाळंतपणात त्यांचे लघवीचे स्नायू सैल पडलेत! ते आत ओढायचे होते! सगळं वाया घालवलंत. आता जूनमध्ये पळायचं विसरा!"

गेणबाने कप खाली ठेवला आणि तो वाट फुटेल तिकडे निघाला. आबांना फोन बंद करायचं बटण सापडेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं आसावरीला झालं. लाज तर गेलीच होती, आता जूनही गेला.

दोन दिवस आबा जेवायलाही ओट्यावरच बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावरून, पाठ फिरवूनच, आबांचा आवाज आला.

"कौसल्ये, सूनबाईला इचार, बाप्यांनी क्येलं तर चालतंय का त्ये?"

"तुमाला कशाला पायजे वो?"



"दिसातनं तीनदा धोतर काय मी हौसंनं बदलतो व्हय?"

आसावरी खोखो हसत सुटली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच ती इतकी हसली, आणि मग साडी बदलायला आत गेली.