आमच्या शाखेला सापडलेला वीर

मी एकदा एखादं काम हातात घेतलं की ते काम पुन्हा डोकं वर काढत नाही! नववीत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, त्या दिवसापासून माझा आत्मविश्वास असा काही फुगलाय, की आमचे बाबा म्हणतात, "तृप्ती, दारातून आत येताना जरा तिरकी होऊन येत जा."

तर अशा या आत्मविश्वासाच्या भरात मी आईला म्हणाले, "आई, वीरमाता शोधायची ना? माझ्यावर सोड!"

आता हे वीरमाता प्रकरण काय, ते सांगते. माझी आई म्हणजे संध्याताई. मातृभूमी वारसा महिला मंडळ, नाशिक शाखा, हिची अध्यक्षा. अकोल्याहून बदली होऊन आम्ही नाशिकला आलो आणि सहा महिन्यांत तिनं ही शाखा काढली. स्वतःच्या हातांनी! माझ्यापेक्षा जास्त लाड शाखेचे होतात. पण मंडळाचा नियम असा, की वर्षभरात काहीतरी ठोस समाजसेवा दिसली पाहिजे. आमच्या शाखेनं केलं काय? तर एक हळदीकुंकू आणि एक वणीची सहल. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढलो म्हणून ती सहल आईनं अहवालात 'गिर्यारोहण' अशी दाखवली.

पुण्याच्या केंद्रीय अध्यक्षा पेंडसेबाई काही दुधखुळ्या नाहीत. त्यांनी कळवलं, की प्रजासत्ताक दिनाला मी स्वतः येते. सेवा दाखवा, नाहीतर नाशिक शाखा मनमाड शाखेत विलीन!

"मनमाडमध्ये? त्या लंकाताईंच्या हाताखाली?" आई अशी किंचाळली की कुकरनं घाबरून शिट्टी दिली.

मनमाडच्या लंकाताईंची शाखा स्टेशनवर जवानांच्या गाड्यांना चहा-पोळ्या देते. कारगिलच्या वेळी तर त्यांचा पेपरात फोटो आला होता.

"यात कसलं कर्तृत्व?" आई धुमसत म्हणाली. "जंक्शन आहे म्हणून जवान आयते येतात! आमच्याकडे यायचे म्हणजे रिक्षा करून यायला हवेत!"

मग ठरलं, की एका वीरमातेचा जाहीर सत्कार करायचा. आणि शोध माझ्यावर!

दुसऱ्याच दिवशी सकाळी नवसाबाई दारात आल्या. त्या मखमलाबादकडच्या मळ्यातून रोज भाजी आणि फुलं घेऊन येतात. मी दोडके निवडता निवडता सहज विचारलं, "नवसाबाई, तुमच्या बाजूला कुणाच्या घरी वीर आहे का हो?"

"कुणाच्या कशाला? आमच्याच घरात हाय की!"

माझ्या हातातला दोडका गळून पडला.

"काय सांगता! मग ते... म्हणजे... कसे गेले?"

"लढाईत पडले. लय शूर व्हते म्हणत्यात. लगीन व्हायचं व्हतं, मागं कुणी नाय." नवसाबाई वजनकाटा सरळ करत म्हणाल्या.

"फोटो आहे त्यांचा?"

"फोटो कशाला? चांदीचे हायेत. देवघरात ठिवल्यात."

चांदीचं! म्हणजे पदक! माझ्या अंगावर काटा आला.

"आणि तुम्ही त्यांच्या कोण?"

"आम्हीच आई, आम्हीच बाप! त्यांचं आम्ही नाय केलं तर कोन करनार? वर्साला रामकुंडावर नेतो, आंघोळ घालतो, निवद दावतो."

दरवर्षी रामकुंडावर! माझे डोळे भरून आले. मी त्या दिवशी दोडक्यांची घासाघीससुद्धा केली नाही.

"नवसाबाई, आमच्या कार्यक्रमाला त्यांना आणाल? म्हणजे ते चांदीचे?"

"अवेळी?" त्या विचारात पडल्या. "धुळवडीबिगर निघत नाय ते."

"नवसाबाई, देशाचा प्रश्न आहे!"

"देशाचा म्हंजे यावंच लागंल. पण वीर निघाला का वाजाप लागतं बघ. आमचे हलगीवाले येतील, चालंल ना?"

मला वाटलं, मानवंदना! सैन्यात बिगुल असतो, यांच्याकडे हलगी असेल. मी म्हणाले, "चालेल काय, धावेल!"

आईनं एकदाच विचारलं, "तृप्ती, नीट खात्री केलीस ना?"

"आई! चांदीचं पदक आहे! आणि तू अजून खात्री विचारतेस?"

आईनं मला पोटाशी धरलं. पत्रिका छापल्या. 'वीरमाता श्रीमती नवसाबाई यांचा हृद्य सत्कार.' शाखेतल्या नाशिककर काकवांनी पत्रिका वाचून डोळे टिपले. 'वीरमाता' असं छापलेलं दिसल्यावर कोण कशाला आणखी विचारणार?

सव्वीस जानेवारीला गंगापूर रोडवरचा छोटा हॉल पांढऱ्या साड्यांनी भरला. व्यासपीठावर पेंडसेबाई, हातातल्या रुमालासारख्या कडक इस्त्रीच्या. शेजारी खास पाहायला आलेल्या लंकाताई. खास कशाला आल्या होत्या ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. शाखा ताब्यात घ्यायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं समाधान!

"वीरमाता अजून आल्या नाहीत का?" पेंडसेबाईंनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुण्याची एशियाड बस गाठायची होती.

"दुःख मोठं आहे, पाय जड होत असतील," आई गहिवरून म्हणाली. "तोवर आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळ्या उभ्या राहिल्या. माना खाली. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, पण पडली हलगी! म्हणजे दारातच कडाडली! कड्कड्कड् तड्तड्तड्! आणि त्यावर आरोळी, "वीर आला रेऽऽऽ!"

पेंडसेबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तोंड.

नवसाबाईंचा मुलगा भिमाजी छातीशी लाल फडक्यात काहीतरी बांधून, पायात घुंगरू घालून गरगरत आत आला. मागं चार हलगीवाले, भाऊबंद, गुलाल, आणि सगळ्यांत मागं हिरव्या नऊवारीत, नाकात नथ घालून, लग्नघरातल्यासारख्या हसणाऱ्या नवसाबाई!

आईनं स्वतःला सावरलं. तिनं नवसाबाईंचे हात हातात घेतले. "नवसाबाई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो."

"दुख्ख? दुख्ख कशाचं बाई? वीर नाचतोय, डोळे भरून बघा!"

"मुलाला कुठे वीरगती मिळाली?" पेंडसेबाईंनी ओरडून विचारलं.

"पोरगा? ह्यो काय, तुमच्या म्होरं नाचतोय की!"

"हा जिवंत आहे?"

"मंग? मेलेला नाचंल का?"

पेंडसेबाईंनी पत्रिका वर धरून 'वीरमाता' या शब्दावर बोट ठेवलं. भिमाजीनं वाचून दाखवलं. नवसाबाई पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की नथ हलायला लागली.

"म्या त्यांची आई? अगं माय माय! ते आमच्या पणजोबाच्या पणजोबाचे थोरले भाऊ!"

भिमाजीनं फडकं उघडलं. आत तळहाताएवढा टाक, म्हणजे देवघरात पुजतात तो चांदीचा कोरीव पत्रा. त्यावर घोडेस्वार. हातात तलवार.

मागच्या रांगेतली एक अस्सल पंचवटीकर काकू कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, घरातला वीर! लढाईत पडलेला पूर्वज, धुळवडीला नाचवत गंगेवर, रामकुंडावर नेतात तो!"

हॉलमधल्या सगळ्या नाशिककर बायका एका सुरात "अय्याऽऽ" म्हणाल्या. आई माझ्याकडे वळली. त्या नजरेवर पापड भाजता आले असते.

"आमच्याकडे मनमाडला खरेखुरे सुभेदार आहेत," लंकाताई गोड आवाजात म्हणाल्या. "घोड्याशिवायचे."

पेंडसेबाई ताडकन उठल्या. चेहरा लालभडक, त्यात गुलाल किती आणि राग किती ते सांगता येत नव्हतं. त्यांनी माईक ओढला.

"हलगी थांबवा!" आई ओरडली.

"वीर निघाला का मधी थांबवत नाय!" भिमाजी ओरडला आणि हलगीवाल्यांना आणखी जोर चढला.

तेवढ्यात माईक एकदा खरखरला आणि मेला. माझ्या शेजारी आई हात जोडून, डोळे घट्ट मिटून पुटपुटत होती. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, "वीरबाबा, माझी शाखा वाचवा! माझी तृप्ती धुळवडीला तुम्हाला नाचवत रामकुंडावर नेईल!"

"आई! माझं नाव कशाला?"

"मग कुणाचं घेऊ?" आई डोळे मिटूनच म्हणाली.

तिकडे पेंडसेबाईंचे ओठ हलत होते. नाशिक, मनमाड, विलीन... मी ओठांवरून वाचलं. मग त्या अनुमोदनासाठी लंकाताईंकडे वळल्या. लंकाताईंनी अनुमोदन द्यायला तोंड उघडलं आणि नेमकी भिमाजीच्या चुलतभावानं उधळलेली गुलालाची मूठ तिकडेच वळली!

लंकाताई खोकत राहिल्या. पाणी आणलं, पाठ चोळली. नवसाबाईंनी खोबऱ्याचा तुकडा दिला. लंकाताई खोकतच राहिल्या. शेवटी एशियाडची वेळ झाली. पेंडसेबाईंनी पर्स काखेत मारली आणि आईच्या कानात ओरडल्या, "जो ठराव कुणाला ऐकूच आला नाही, तो मंजूर धरता येत नाही! आता पुढच्या वार्षिक सभेत बघू!"

म्हणजे शाखा वाचली! वर्षभरासाठी का होईना! आईनं रडत रडत शाल नवसाबाईंच्या अंगावर घातली. नवसाबाईंनी ती काढून टाकाभोवती गुंडाळली. "सत्कार त्यांचा हाय ना? त्यांनाच थंडी वाजंल."

मला वाटलं, चला, संपलं. घरी येऊन मी आईच्या मागं मागं फिरत युक्तिवाद केला. नवस घाईत बोललेला होता, हलगीत वीराला ऐकू आला नसेल, शिवाय वीर मुलगे नाचवतात, मुली नाही! वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी असं बोलले असते तर पहिली आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवसाबाई भाजीची पाटी उतरवता उतरवताच म्हणाल्या, "तुजं नाव ऐकलं बरं का त्यांनी. म्या पन ऐकलं. घरच्यांना इचारलंय, पोरीनं नाचवलं तर चालतंय. घुंगरू भिमाजीचे देते, ढिले हुतील, कापड भर."

आता रोज संध्याकाळी गच्चीवर माझा सराव चालू आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केलीय. भिमाजीदादा म्हणतो, माझा पाय ताल सोडून पडतो. हलगीवाले मात्र सांभाळून घेतो म्हणालेत.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या धुळवडीला तुम्ही रामकुंडावर असाल आणि गुलालानं माखलेली, चष्मा लावलेली एक मुलगी छातीशी लाल फडकं धरून गरगरताना दिसली, तर एवढं करा. हाक मारू नका!