पाटणकरांचा सायलेन्सर

पाटणकर गाडीत बसण्याआधी बूट काढतात. जपानात घरात शिरताना बूट काढायचे असतात, हे इथे आल्यावर दोन दिवसांत सगळ्यांनाच कळतं. पण हा नियम गाडीलाही लावणारा माणूस मी आमच्या या उरायासु शहरात एकच पाहिला. बूट काढायचे, भिंतीशी नीट लावायचे, मोज्यांवर गाडीत बसायचं आणि निघून जायचं. बूट तिथेच. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तपकिरी बुटांची जोडी एकटीच दिसली की समजायचं, पाटणकर बाहेर गेलेत. एकदा ते असेच एका बड्या कंपनीच्या मीटिंगला मोज्यांवर पोहोचले आणि तिथल्या पाहुण्यांच्या हिरव्या सपाता घालून दोन तास सॉफ्टवेअरवर बोलले. "कोणी काही म्हणालं नाही, वहिनी," असं मला अभिमानाने सांगितलं. जपानात कोणी काही म्हणत नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

पाटणकर आणि माझा नवरा एकाच ऑफिसात. पाटणकर वयाने मोठे, सत्तेचाळीसचे, म्हणून मी त्यांना भावजी म्हणते. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. त्यांच्या पत्नी सुषमाताई शनिवार-रविवार सुपरमार्केटात काउंटरवर आरुबाइतो करतात. अर्धवेळ नोकरीला इथे सगळे तेच म्हणतात. मुलगी केतकी, तेव्हा अठरा वर्षांची. आणि खाली उभी असलेली, नवी कोरी घेतलेली पांढरी टर्बो गाडी. तिची तब्येत कशी आहे हे विचारल्याशिवाय आमच्याकडचं कुठलंही हळदीकुंकू पार पडत नाही.

टर्बो म्हणजे काय ते मला पाटणकरांनी माझ्याच स्वयंपाकघरात शिकवलं. एंजिनातून वाया जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरतं आणि ते चक्र एंजिनात जास्तीची हवा कोंबतं. सायलेन्सर बदलून मोठ्या नळीचा बसवला की धूर मोकळा सुटतो, हवेचा दाब वाढवला की गाडी आणखी पळते. "आणि फार वाढवला तर?" मी विचारलं. त्यांनी गॅसवरच्या कुकरकडे नुसतं बोट दाखवलं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि आम्ही दोघंही दचकलो.

खरं दुखणं होतं वॉरंटीचं. तीन वर्षांच्या वॉरंटीतले पंधरा महिने अजून बाकी होते. गाडीला बाहेरचा एक पार्ट लावला आणि उद्या एंजिन बसलं, तर कंपनी हात वर करणार. वॉरंटीचं पुस्तक पाटणकर जुन्या उपरण्यात गुंडाळून पासपोर्टांच्या शेजारी ठेवत. सायलेन्सर बदलायचा की नाही, हा प्रश्न त्यांनी पावणेदोन वर्षं चालवला. कधीही विचारा, उत्तर एकच: "विचाराधीन आहे." चहा घेणार का विचारलं तरी "विचाराधीन आहे" म्हणत आणि कप पुढे करत.

गाडीच्या डीलरकडे ते चारदा गेले. सायलेन्सर बदलला तर वॉरंटी राहील का, असं विचारल्यावर तिथल्या माणसाने दातांतून हवा ओढली, मान कलती केली आणि म्हणाला, "जरा कठीण आहे." पाटणकर खूश. जरा कठीण म्हणजे थोडी खटपट केली की जमणारच! दुसऱ्यांदा गेले ते सुषमाताईंच्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. तिसऱ्यांदा चिवडा. चौथ्यांदा तो बिचारा मॅनेजरला घेऊन आला आणि दोघं कमरेत वाकून माफी मागू लागले. शेवटी केतकीने घरी समजावलं की ते पहिल्याच दिवशी नाही म्हणाले होते.

केतकीबद्दल सांगायला हवं. ती सहा वर्षांची असताना इथे आली. मराठी समजतं, पण उत्तर जपानीत, तेही तोकडं. शाळा कशी झाली? "बेत्सुनी." म्हणजे विशेष काही नाही. जेवलीस का, बेत्सुनी. चेहरा का उतरलाय, बेत्सुनी. पाटणकरांचं जपानी ऑफिसपुरतं. बाप आणि लेक एका टेबलाशी बसून मुकाट्याने आमटी-भात खात, हे सुषमाताईंनी मला डोळे पुसत सांगितलं होतं. मग ही गाडी आली आणि पहिल्याच आठवड्यात केतकी चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, सायलेन्सर बदलला तर?"

तेव्हापासून दर रविवारी ती कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, गाड्यांचं मासिक आणू लागली. दोघं खाली गाडीत बसत. ती वाचून मराठीत सांगायची, शब्द अडला की हातवारे करायची आणि पाटणकर शंका काढत. मोठ्या नळीचा की मधल्या? आवाज वाढला तर शेजारी काय म्हणतील? मी गॅलरीत कपडे वाळत घालताना ऐकायची. कधीकधी केतकी हसायचीसुद्धा.

गेल्या वर्षी तिला क्योतोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. मार्चअखेर जायचं ठरलं. पोरगी कामाची: जाण्याआधी हे एकदाचं उरकून टाकू म्हणून तिने स्वतःच गॅरेजची वेळ घेऊन टाकली, शनिवारी सकाळी दहाची. पाटणकरांचा रंगच उडाला. आठवडाभर संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभे राहत. "वहिनी, तुम्ही तटस्थ आहात. तुम्ही चला." मला सायलेन्सर आणि पाण्याचा पाइप यांतला फरक जेमतेम कळतो, पण त्यांचा चेहरा बघून गेले.

गॅरेजचे मालक इशिदासान साठीचे, मितभाषी. गाडी वर उचललेली, ते पाना घेऊन खाली उभे. टेबलावर एक कागद होता: या कामानंतर कंपनीची वॉरंटी लागू राहणार नाही, याची मला कल्पना आहे. खाली शिक्का मारायचा. इथे सहीपेक्षा शिक्क्याला मान, प्रत्येकाचा आपला असतो. पाटणकरांनी तो काढला, लाल शाईत टेकवला आणि कागदाच्या बोटभर वर धरला. धरूनच राहिले. घड्याळात पाच मिनिटं गेली. शाई वाळली म्हणून पुन्हा टेकवला. मला वाटलं, या माणसाला इथेच काहीतरी होणार. इशिदासानही पाना खाली ठेवेनात. केतकी ओठ चावत उभी होती.

"जरा हवा खाऊन येतो," म्हणून पाटणकर बाहेर पडले. मी मागोमाग.

"अहो भावजी, एवढी भीती वाटते तर सरळ नाही म्हणा ना! एंजिन तुमचं, वॉरंटी तुमची."

"वॉरंटी गेली खड्ड्यात, वहिनी." इतकं तुटक मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "हो म्हटलं तर आज काम संपलं. नाही म्हटलं तर विषय संपला. मग ती माझ्याशी बोलेल कशावर?"

गेली पावणेदोन वर्षं मी या माणसाच्या धरसोडपणावर जिन्यात विनोद केले होते, त्याची मला लाज वाटली.

वळले तर दारात केतकी. तिने किती ऐकलं, कोण जाणे. ती आत गेली आणि इशिदासानना जपानीत बरंच काही सांगून दोनदा वाकली. इशिदासाननी एकवार बाहेर पाटणकरांकडे पाहिलं, पाना जागेवर टांगला आणि गाडी खाली उतरवायला घेतली.

मग ती वडिलांजवळ आली. शब्द जुळवत, सावकाश बोलली.

"बाबा, हा सायलेन्सर मला पसंत नाही. क्योतोत पण दुकानं आहेत. मी बघते. रविवारी दहाला फोन करते आणि सांगते. घाई नको."

"बरं," पाटणकर म्हणाले. एवढंच. रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, घातला आणि पुन्हा काढून पुसला.

ती क्योतोला गेली. दर रविवारी दहाला फोन वाजतो. सुषमाताई कामावर असतात, त्यामुळे साडेनऊपासून एकटे पाटणकर टेलिफोनजवळ मासिक उघडून बसतात. आधी दोन मिनिटं सायलेन्सर, मग तिथली थंडी, बस चुकली, वरण कसं करायचं, मैत्रिणीशी भांडण झालं. सगळं मराठीत, अडखळत, पण मराठीत.

वॉरंटी यंदा जूनमध्ये संपली. आता सायलेन्सर बदलायला कसलीच आडकाठी नाही. हे पाटणकरांना माहीत आहे, केतकीला माहीत आहे, मलाही माहीत आहे. वॉरंटी संपल्याचा विषय अजून कोणी काढलेला नाही.